वहिनीला एकटं सोडायचं नाही

सोमवार, दुपार

पोचलो एकदाचे. गाडीत वहिनी सगळा रस्ताभर माझ्या पिशवीचा पट्टा मुठीत धरून बसली होती. पिशवीत दोन स्वेटर आणि ही वही, चोरून नेण्यासारखं काही नव्हतं. तरी मी पट्टा तिच्याकडेच राहू दिला. निघताना आईने मला स्वयंपाकघरात घेऊन बजावलं होतं, "वहिनीला एकटं सोडायचं नाही. रडत नाही, बोलत नाही, तिच्या मनात काय आहे कळत नाही. तू धीराची आहेस." आमच्या घरात काम लावल्याशिवाय कुणाला कुठे पाठवत नाहीत. लग्नाला जायचं झालं तरी आई कुणाची तरी बहिरी मावशी आपल्या गळ्यात बांधते. हे काम मात्र मी लगेच घेतलं. ते नसतं तर मी घराचा उंबरा ओलांडला नसता.

ही सहल खरं तर माझी आणि थोरल्याची. थोरला म्हणजे माझा जुळा भाऊ. माझ्या थोडा आधी जन्मला, एवढ्या भांडवलावर तो घरात थोरला आणि मी धाकटी. दर वाढदिवसाला आम्ही दोघं कुठेतरी डोंगर चढायला, पडके किल्ले बघायला जायचो. वहिनीला चालायची हौस नाही. ती घरी राहून म्हणायची, "जा बाई दोघं, मला चार दिवस कानांना सुट्टी." या वर्षी थोरल्याने समुद्रकाठचं हे शहर ठरवलं, खोली सांगून ठेवली, आणि तीन महिन्यांपूर्वी कचेरीत खुर्चीत बसल्याबसल्या गेला. आजारी नव्हता, काही नव्हता.

शुक्रवारी आम्हाला पंचेचाळिसावं पूर्ण होणार होतं. आता तो चव्वेचाळीसचाच राहणार आणि मी एकटीने पुढे जायचं. हे कसं करतात मला माहीत नाही. जन्मापासून मी एकही वाढदिवस एकटीने केलेला नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती, समोर समुद्र, मोठी गच्ची. मी किल्ली घेते तोवर वहिनी मालकिणीशी काहीतरी कुजबुजली आणि आम्हाला तळमजल्यावरची मागची खोली मिळाली. खिडकीतून दिसतं काय, तर वाळत घातलेल्या चादरी! मी चिडले. मग लक्षात आलं, तिला उंचीची भीती वाटत असणार. म्हणजे उंचीची नाही, स्वतःची. आईचा अंदाज बरोबर आहे. डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

मंगळवार, संध्याकाळ

किल्ला पाहिला. पाण्यात शिरलेली खडकाची जीभ आणि तिच्यावर बांधलेली तटबंदी. दरवाजा शाबूत आहे, आतलं सगळं गेलं. दारूगोळ्याच्या कोठारात पाणी साचलंय, तोफांच्या तोंडात पक्ष्यांनी घरटी केलीत. गाईडबाई एक छत्री उंच धरून पुढे चालायच्या आणि दर दहा पावलांनी म्हणायच्या, "आता कल्पना करा." थोरला असता तर त्याने प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवली असती आणि मग पाटीच चुकीची आहे असं जाहीर केलं असतं. पाटी लिहिणाऱ्या माणसांवर त्याचा जन्माचा राग. मी आज पाट्या वाचल्या नाहीत. त्या मुक्या वाटत होत्या.

पश्चिमेच्या बुरुजावर गाईडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "याच बुरुजावरून किल्लेदाराच्या बायकोने..." तेवढ्यात वहिनी त्यांना तोडून म्हणाली, "बाई, पुढे चला, ऊन लागतंय." आभाळ भरलेलं होतं. ऊन कुठून लागणार? थोरला म्हणायचा, कुठल्याही किल्ल्यावर जा, एक विहीर, एक भुयार आणि उडी मारलेली एक बाई असतेच, ती नसेल तर सरकार किल्ला मानत नाही. मला आठवून हसू आलं. वहिनी मात्र पांढरी पडली होती. तिला असल्या गोष्टी सोसत नाहीत हे मी आईला कळवायला हवं.

बुरुजाच्या कठड्यावरून खाली वाकलं की लाट खडकात शिरते आणि आत बराच वेळ गडगडत राहते. तिथे फार बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा डोक्यातला आवाज थांबला. मला वाटतं वहिनीलाही तसंच वाटत असेल आणि त्यातच धोका आहे. म्हणून मी मुद्दाम बराच वेळ वाकून पाहिलं. शत्रूची चाल आधी समजून घ्यावी. वहिनीने माझ्या स्वेटरची कड पकडली होती. लहान मूल गर्दीत पकडतं तशी.

जेवताना ती माझ्याच ताटाकडे बघते. "ताई, अजून एक घास घ्या." स्वतःची भाकरी चिवडत बसते आणि उपदेश मला! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

एक गंभीर गोष्ट. परत आल्यावर टॉवेल शोधताना वहिनीच्या पिशवीत माझ्या झोपेच्या गोळ्या सापडल्या. माझ्या! डॉक्टरांनी मला दिलेल्या. माझ्या पाकिटातून कधी काढल्या कळलंसुद्धा नाही. काय करणार होती ती त्यांचं? मी गुपचूप परत घेतल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून टाचणी लावली. तिच्या हाती लागायला नकोत. माझ्याकडे सुरक्षित आहेत.

बुधवार

जुन्या जकातघराचं संग्रहालय केलंय. वजनं, मापं, बुडालेल्या जहाजांच्या घंटा. शेवटच्या दालनात दीपगृहाचं जुनं भिंग ठेवलंय, माणसाहून उंच. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते, वीस-बावीस वर्षं तेच करते, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. काचेच्या कड्यांवर कड्या, प्रत्येकीचा उतार वेगळा, आणि सगळ्या मिळून एका दिव्याचा उजेड क्षितिजापर्यंत ढकलणार. मी सांगायला लागले, ही कडी कशी घासली असेल, इथे किती हलका हात लागतो, एक ओरखडा पडला तर समुद्रात काय दिसेल. बराच वेळ बोलत होते. मग लक्षात आलं की मी हे थोरल्याला सांगतेय. थांबले. वहिनी म्हणाली, "सांगा ना ताई, मी ऐकतेय." पण तिला काय कळणार. मला पुढचं आठवेना.

दुकानाच्या मालकांनी मला रजा दिलीय. म्हणाले, "डोळ्यांना विश्रांती द्या, जागा कुठे जात नाही." दोनदा उजवी काच डावीकडे बसली माझ्या हातून, एवढंच झालं होतं. कुणाच्याही हातून होतं.

लोक वहिनीला भेटायला येतात. तिचा नवरा गेला, येणारच. तिच्याजवळ बसतात, तिचा हात धरतात. मी चहा करते. बहिणीचा भाऊ गेला तर बहिणीने चहा करायचा असतो. हे मी रागाने लिहीत नाही. कुणीतरी चहा करायलाच हवा.

वहिनी सकाळी अंगणात जाऊन आईला फोन करते. मला बघून बंद करते. मी विचारलं तर म्हणते, "सहज, घरचं." चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा होतो.

उद्या टेकडीवरचा टेहळणीचा मनोरा. कड्याच्या काठाकाठाने वाट आहे. वहिनी म्हणते, नको जायला. मी म्हटलं, थोरल्याने याच्यासाठीच हे शहर निवडलं होतं, मी जाणार. तर म्हणाली, "मग मीही येणार." बघा. नाही म्हणतेय आणि पाय तिकडेच ओढतायत.

गुरुवार, संध्याकाळ

आज मी वहिनीचा जीव वाचवला.

सकाळी निघालो. शहर संपलं की मिठागरांच्या कडेने वाट चढते आणि मग एकदम कड्यावर येते. डाव्या हाताला झुडपं, उजव्या हाताला काही नाही. वारा असा की बोललेलं तोंडातच परत यायचं. वहिनी पूर्ण वेळ माझ्या उजव्या बाजूने चालली, म्हणजे कड्याच्या बाजूने. मी दोनदा तिला आत ढकललं, दोनदा ती परत बाहेरच्या अंगाला. मनात म्हटलं, ही ठरवूनच आलीय.

मनोरा म्हणजे चार भिंती आणि मध्ये तुटका जिना. कुणी एके काळी इथे बसून जहाजांची वाट बघायचं. दिसलं जहाज की जाळ करायचा, तो बघून पुढच्या टेकडीवरच्याने जाळ करायचा. थोरल्याला हे फार आवडलं असतं. तो म्हणाला असता, ज्या दिवशी जहाज येत नसेल त्या दिवशी हा माणूस काय करत असेल गं धाकटे? मी त्याच दगडावर बसून हाच विचार करत होते. मला वाटतं तो रोज जाळ करत असेल, उगाचच.

वहिनी पाण्याची बाटली काढायला पाठमोरी झाली. माझ्या बुटात खडा गेला होता म्हणून मी बूट काढून दगडाजवळ ठेवले आणि कड्याच्या टोकापर्यंत गेले. ती जागा किती धोक्याची आहे ते मला पाहून ठेवायचं होतं. खाली पाणी हिरवं होतं. आवाज वर येत नव्हता. किती वेळ उभी होते ते माहीत नाही. छान वाटत होतं. उद्याचा शुक्रवार फार लांब वाटत होता, येणारच नाही असा.

आणि मागून वहिनी धावत आली. सरळ कड्याकडे! मी तिथे आधीच उभी होते म्हणून बरं. ती माझ्यावर आदळली, कमरेला घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी आतल्या बाजूला कोसळलो. मी वाटेत नसते तर ती थेट खाली गेली असती. मी तिला धरून ठेवलं. म्हणजे तिनेही मला धरलं होतं, पण बुडणारा माणूस धरतोच. मी ओरडले, "वेडी झालीस का?" ती नुसती धापा टाकत होती. मग तिने माझे बूट आणून माझ्या पायांत घातले. नाड्या आवळून दोन-दोन गाठी मारल्या. तिचा पाय मुरगळलाय, चांगला सुजलाय. तसाच ओढत ती खाली आली, सबंध वाट माझ्या मनगटाला धरून.

आईला सगळं सांगणार होते. पण वहिनीने आधीच फोन लावला होता आणि नंतर मला दिला. आई म्हणाली, "बाळ, जेवलीस का?" मी म्हटलं, "माझं सोड, हिचं बघ." तर आई रडायला लागली. हल्ली कुणाशी सरळ बोलायची सोय राहिली नाही.

शुक्रवार, सकाळ

काखेत कळसा! काय मूर्ख आहे मी.

अंघोळ करून बाहेर आले तर वहिनी अंगणात चादरींच्या पलीकडे खुर्चीवर पाय वर ठेवून आईशी बोलत होती. मी मुद्दाम थांबले. म्हणाली, "नाही आई, क्षणभरही सोडत नाही मी त्यांना. काल माझीच पाठ वळली होती. नाही, त्यांना अजून वाटतंय की त्याच मला सांभाळतायत... हो, आज वाढदिवस. मला आजचीच भीती आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. चादर बाजूला केली आणि समोर उभी राहिले.

"कुणाला सांभाळतेस तू?"

तिने फोन ठेवला. "तुम्हाला."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"ताई, तुम्ही काल बूट काढून ठेवले होते. शेजारी शेजारी. नाड्या आत खोचून."

"खडा गेला होता!"

"मी झटकून पाहिले. खडा नव्हता."

मी काहीबाही बोलले. तळमजल्याची खोली, गोळ्या, स्वेटरची कड, सगळं आठवून आठवून बोलले. पहारेकरीण म्हणाले. आईने पगारावर ठेवलंय का विचारलं. ती ऐकून घेत होती. शेवटी मी म्हटलं, "नवरा तुझा गेलाय. मर्तिकाला लोक तुझ्याजवळ बसले. तुला मरावंसं वाटायला हवं, मला कशाला वाटेल?" हे तोंडातून गेल्यावर ती म्हणाली, "म्हणूनच. माझ्याजवळ लोक बसले." आणि रडायला लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी बघत राहिले. मला तिच्याजवळ जाता आलं नाही.

खडा नव्हता का? मला खरंच आठवत नाही. तळव्याला टोचल्याचं आठवत नाही. दगड गार होता एवढं आठवतं.

तिला उठता येत नाहीये, पाय भोपळ्यासारखा झालाय. आज माझ्या मागे कुणी येणार नाही. मी जरा बाहेर जाऊन येते.

शनिवार, दुपार

काल काय झालं ते लिहून काढायला डॉक्टरांनी सांगितलंय. जमेल तेवढं लिहिते.

मी बाहेर पडले तेव्हा ठरवलेलं असं काही नव्हतं. असं मी डॉक्टरांना सांगितलं. मग म्हटलं, खोटं बोलले, ठरलेलं होतं. फक्त मला कळवलेलं नव्हतं. कोट अंगावर होता, खिसा टाचलेला होता, आणि पाय आपोआप धक्क्याच्या भिंतीकडे, तिथून टेकडीच्या वाटेकडे. लोक मासळी उतरवत होते, एक बाई दुकानाची काच पुसत होती. आज माझा वाढदिवस आहे हे यांच्यापैकी कुणालाही माहीत नाही, याचं मला बरं वाटलं. कुणाला सांगायला नको.

मिठागरांपाशी चढ सुरू होतो तिथे मी मागे पाहिलं. का पाहिलं माहीत नाही.

वहिनी येत होती. पार लांब, धक्क्याच्या भिंतीला धरून. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, काखेत मालकिणीचा अंगण झाडायचा लांब दांड्याचा झाडू उलटा धरलेला. केस मोकळे. येणारे-जाणारे थांबून बघत होते. ती मला हाक मारत नव्हती. एक उडी मारायची, थांबायची, परत एक उडी. मग तिचा झाडू घसरला आणि ती रस्त्यावरच पडली. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तशीच बसून राहिली, माझ्याकडे बघत.

मला तिचा भयंकर राग आला. एवढा राग मला तीन महिन्यांत कशाचाच आला नव्हता. मी वर जाऊ शकत होते. वाट मोकळी होती, ती काही माझ्यापर्यंत पोचली नसती. पण आधी तिला चांगलं फैलावर घ्यावं आणि मग जावं, असं मी ठरवलं. खरंच असंच ठरवलं. उतरून आले आणि ओरडले, "अगं गाढवे, पाय कायमचा जाईल! अक्कल आहे का?"

ती म्हणाली, "मला उचला."

"आलीस कशाला?"

"मग काय करू? आईंनी मला एवढं एकच काम दिलंय. रोज सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उठायचं. मग वाटतं, ताई उठल्या असतील, बघायला हवं. म्हणून उठते. तुम्ही गेलात तर मी उद्या कशाला उठू, ते सांगून जा."

एक माणूस मासळीची हातगाडी घेऊन थांबला होता. त्याने विचारलं, "दवाखान्यात न्यायचंय का?" दोघांनी मिळून तिला गाडीवर बसवलं. तिच्या साडीला मासळीचा वास लागला. दवाखान्यापर्यंत ती माझ्या कोटाची बाही धरून होती आणि मी ती सोडवून घेतली नाही.

पाय मोडलाय. हाडाला चीर आहे. त्यावर ती परवा कड्यावरून खाली चालत आली आणि काल धक्क्यापर्यंत उड्या मारत आली. डॉक्टरबाई तरुण आहेत, चष्म्याची डावी काडी सैल झालेली. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "आणखी काही त्रास?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. माझ्यावर सोडलं तिने. भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, मी ते बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "तिला नाही. मला. मला जगावंसं वाटत नाही. काल मी कड्यावर बूट काढून ठेवले होते. आज परत तिकडेच चालले होते." आवाज माझ्या रोजच्या आवाजासारखाच होता. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसा.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा. घाई नाही." कोटातल्या गोळ्या मी स्वतः काढून दिल्या. बोट टोचलं टाचणीने. त्यांनी खूप विचारलं. कधीपासून, झोप कशी, आत्ता या क्षणी काय वाटतंय. आत्ता या क्षणी मला थोरला हवाय, असं मी म्हटलं, आणि मग जे रडायला आलं ते आवरेना. तीन महिने मी चहा करत होते.

दोघींनाही इथेच ठेवून घेतलंय, शेजारच्या खाटांवर. माझ्यावर नर्सचं लक्ष आहे, सरळ सरळ, लपवून नाही. घरी गेल्यावर कुठल्या डॉक्टरांकडे जायचं तेही ठरवून दिलंय. बरं वाटतंय असं म्हणणार नाही. सकाळी उठले तेव्हा पहिल्यांदा तेच सगळं आठवलं, तसंच जड. उद्याही आठवेल. पण पंचेचाळीस झाले मी. काल दिवसभरात कधीतरी झाले असेन, कळलंही नाही.

आत्ता आईला फोन लावला. मी विचारलं, "तू मला तिला सांभाळायला सांगितलंस आणि तिला मला सांभाळायला सांगितलंस?"

"हो."

"दोघींशी खोटं बोललीस?"

"खोटं कुठे बोलले? एकीला तरी एकटं सोडण्यासारखं होतं का? माझं एक लेकरू गेलं. दोघी राहिलात आणि दोघीही माझ्यासमोर बसून लांब लांब जात होतात. मी एकटी म्हातारी कुणाकुणाला धरून ठेवणार होते?"

वहिनी शेजारून बघत होती. मी फोन मोठ्याने ऐकू येईल असा दोघींच्या मध्ये धरला आणि विचारलं, "आणि आई, तुला कोण सांभाळतंय?"

पलीकडून घरातल्या भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

मग आई म्हणाली, "तुम्ही दोघी घरी या."